पोथीवरील परकी मुद्रा : प्रतिमासंग्रहांवरील सरसकट जलचिन्हांकनाचा विचार

१

हस्तलिखितांच्या अभ्यासाचे साधन गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पालटले आहे. पूर्वी अभ्यासकाला पोथीपर्यंत जावे लागे. आता पोथीची प्रतिमा अभ्यासकापर्यंत येते. ही सोय लहान नव्हे. जीर्ण पत्रांची हाताळणी त्यामुळे कमी झाली, दूरच्या गावच्या विद्यार्थ्याला प्रवासाचा खर्च वाचला, आणि एकाच ग्रंथाच्या चार ठिकाणच्या चार प्रती एका वेळी डोळ्यांसमोर मांडून पाहणे शक्य झाले. पाठचिकित्सेच्या दृष्टीने यापरते भाग्य कोणते? परंतु या प्रतिमा उघडून पाहू लागावे, तर पुष्कळदा पत्राच्या मधोमध, अक्षरांवरून तिरपे गेलेले, संग्राहक संस्थेचे नाव किंवा बोधचिन्ह आढळते. एका पत्रावर नव्हे, संग्रहातील सर्व पत्रांवर. आणि सर्वत्र एकाच जागी, एकाच मापाचे. हजारो प्रतिमांवर एका आज्ञेसरशी उमटवलेली ही छाप म्हणजे आजच्या भाषेत 'वॉटरमार्क', मराठीत 'जलचिन्ह'.

ही प्रथा केवळ तांत्रिक बाब मानून आपल्याकडील अभ्यासक तिच्याकडे दुर्लक्ष करीत आले आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते ती पाठचिकित्सेची बाब आहे. हस्तलिखिताच्या वाचनात जे जे व्यत्यय आणते, ते ते पाठचिकित्सेच्या कक्षेत येते. मग ते वाळवीचे छिद्र असो, पाण्याचा डाग असो, की संग्राहकाची मुद्रा असो. वाळवी आणि पाणी यांना आपण दोष देऊ शकत नाही. मुद्रेच्या बाबतीत मात्र हेतू आहे, निर्णय आहे आणि म्हणून उत्तरदायित्वही आहे. त्या निर्णयाची छाननी करणे एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

२

प्रथम शब्दाचा विचार करू. 'जलचिन्ह' हे इंग्रजी शब्दाचे अवयवशः भाषांतर होय. मूळ वस्तू युरोपीय कागदाची. कागदाचा लगदा ज्या जाळीच्या साच्यात घेत, त्या जाळीवर तारेची आकृती शिवलेली असे. तारेवर लगद्याचा थर पातळ बसे आणि वाळलेला कागद उजेडासमोर धरला असता ती आकृती उजळ दिसे. इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस ही रीत निघाली. तिचा सर्वांत जुना नमुना सामान्यतः १२८२ चा मानतात. म्हणजे चिन्ह घडते ते तारेमुळे, पाण्यामुळे नव्हे. फ्रेंच भाषेतील संज्ञा तारेवरूनच बनली आहे. इंग्रजीने व जर्मनने पाण्याचा आधार घेतला, आणि मराठीने इंग्रजीचा.

या मूळ जलचिन्हाचे दोन गुण ध्यानात घेण्यासारखे आहेत. एक म्हणजे ते कागदाच्या अंगात असते, अक्षरांच्या अंगावर नसते. सपाट ठेवलेल्या पत्रावर ते जवळजवळ दिसत नाही. ज्याला पाहावयाचे आहे तो पत्र उजेडाकडे धरतो. दुसरे म्हणजे ते अभ्यासाला साहाय्यक ठरले. ब्रिके याने १९०७ मध्ये सोळा हजारांहून अधिक जलचिन्हांचा कोश चार खंडांत प्रसिद्ध केला, तो अदिनांकित कागदांचा काळ ठरविण्यासाठीच. आपल्याकडील जुन्नरी किंवा दौलताबादी कागदांत अशी चिन्हे नसतात. परंतु अठराव्या शतकाच्या अखेरीपासून विलायती कागद आपल्या दप्तरांत येऊ लागला. १७९४ च्या इंग्लंडातील एका कायद्यामुळे निर्यातीच्या कागदावर जलचिन्हात वर्ष घालण्याची वहिवाट पडली. अशा कागदावर लिहिलेले पत्र त्या वर्षाच्या पूर्वीचे असणे शक्य नाही, एवढे तरी निश्चितपणे सांगता येते. बनावट सनद उघडकीस आणण्यास एवढे पुष्कळ होते.

डिजिटल प्रतिमेवरील दृश्य छापेत या दोहोंपैकी एकही गुण नाही. ती प्रतिमेच्या अंगात नसून अंगावर असते. आणि काळनिर्णयाला साहाय्य करण्याऐवजी वाचनाला अडथळा करते. तेव्हा तिला 'जलचिन्ह' म्हणणे हे नावाने निरुपद्रवीपणा उसना आणणे होय. मराठीत 'शिक्का' हा शब्द तिला अधिक साजेल. परंतु शिक्का म्हटला की लगेच आपल्या दप्तराची परंपरा आठवते, आणि मग ही छाप त्या परंपरेशीही इमान राखत नाही असे दिसून येते. मराठेशाहीतील कागदावर शिक्का मस्तकी असे व मोर्तब अखेरीस. मोर्तबाचे प्रयोजनच असे की, मजकूर येथे संपला, यापुढे कोणी अक्षर वाढवू नये. मुद्रा मजकुराचे रक्षण करीत होती. मजकुरावर आरूढ होत नव्हती. पोथीलेखकाची रीतही तीच. आपले नाव, गाव, शक, मिती हे तो अखेरच्या पुष्पिकेत लिही. ओवीच्या मध्यावर आपले नाव घालावे असे त्याला कधी सुचले नाही. सारांश, मालकीची वा कर्तृत्वाची खूण कोठे असावी याविषयी आपल्या लेखनपरंपरेचा निर्णय स्पष्ट आहे: मजकुराच्या कडेला, मजकुराच्या अखेरीस, मजकुराच्या बाहेर.

३

आता प्रत्यक्ष हानी कोणती होते ते पाहू. "छाप पारदर्शक आहे, अक्षरे तर दिसतात" असे समर्थन सामान्यतः केले जाते. हे समर्थन गणिताने तपासण्याजोगे आहे. करड्या छटांच्या प्रतिमेत प्रत्येक बिंदूला ० ते २५५ यांमधील एक मूल्य असते. शून्य म्हणजे काळा व २५५ म्हणजे पांढरा. चाळीस टक्के घनतेची पांढरी छाप घातली म्हणजे मूळ मूल्याचा साठ टक्के भाग राहतो व त्यात २५५ चा चाळीस टक्के भाग, म्हणजे १०२, मिळविला जातो. कागदाचे मूल्य २०० आणि ठळक शाईचे ४० धरू. दोहोंतील अंतर १६०. छाप पडल्यावर कागद २२२ होतो व शाई १२६. अंतर ९६ राहते. डोळ्याला अक्षर अजून दिसते, हे खरे. परंतु जुन्या पोथीत शाई सर्वत्र ठळक नसते. फिकट पडलेल्या शाईचे मूल्य १८० धरले, तर मूळचे अंतर अवघे २०. छापेखाली ते १२ उरते. उलट, छापेच्या कडेवर एका बाजूस कोरा कागद २०० व दुसऱ्या बाजूस छापेखालचा कागद २२२, म्हणजे अंतर २२. तात्पर्य, ज्या ठिकाणी लेखकाची रेषा १२ अंशांनी दिसते, त्या ठिकाणी संस्थेच्या नावाची रेषा २२ अंशांनी दिसते. परकी रेषा मूळ रेषेहून ठळक ठरते. अक्षरे ओळखणारे यंत्र अशा पत्रावर काय वाचील, हे वेगळे सांगावयास नको.

यावर पुन्हा प्रतिमा लहान करून 'जेपेग' पद्धतीने साठविली जाते. या पद्धतीत प्रतिमेचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन करून प्रत्येक चौकोनातील सूक्ष्म भेद टाकून दिले जातात. फिकट भेद आधी जातात. इंचास तीनशे बिंदू या प्रमाणात घेतलेल्या प्रतिमेत एक मिलिमीटरचा अनुस्वार सुमारे बारा बिंदूंचा असतो. प्रतिमा एक चतुर्थांश मापाची केली की तो तीन बिंदूंचा उरतो, म्हणजे बहुधा एकाच चौकोनात सामावतो. त्यावर छापेची एक उतरती रेषा आली की अनुस्वार गेला.

अनुस्वार गेला म्हणून काय बिघडले, असे १९६२ नंतरच्या लेखनपद्धतीत वाढलेला वाचक विचारील. त्या वर्षीच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, हे खरेच. परंतु त्यापूर्वीच्या मराठीत तो ठिपका व्याकरणाचा वाहक होता. 'केले' हे पुल्लिंगी अनेकवचन, 'केलें' हे नपुंसकलिंगी एकवचन. 'घरी' आणि 'घरीं' यांत विभक्तीचा प्रश्न गुंतलेला. नपुंसकलिंगाचा किंवा सप्तमीचा इतिहास लिहिणाऱ्याला प्रत्येक ठिपका मोजावा लागतो. शंभर पत्रांपैकी ज्या पट्टीवरून छाप गेली आहे, त्या पट्टीतील ठिपके त्याच्या मोजणीत संशयित ठरतात. आणि छाप सर्व पत्रांवर एकाच जागी असल्यामुळे ही त्रुटी यदृच्छेने विखुरलेली नसते, पद्धतशीर असते. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा दोष अधिक गंभीर आहे, कारण नमुना वाढविल्याने तो कमी होत नाही.

मोडीची स्थिती याहून बिकट. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद लेखनात राखलेला नसतो, शब्द तोडलेले नसतात, आधी पानभर शिरोरेषा ओढून मग अक्षरे तिला टांगलेली असतात. वाचक पुढील-मागील वळणांच्या आधाराने अक्षर ठरवितो. त्या वळणांत एक उपरे वळण शिरले की सबंध शब्द डळमळतो. महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांतील पोथ्यांविषयी तर बोलावयासच नको. सकळ किंवा सुंदरी लिपीत एका अक्षराच्या ठिकाणी दुसरेच चिन्ह योजलेले असते. तेथे झाकलेले चिन्ह परिचित शब्दाच्या आधाराने सहज भरून काढता येत नाही.

रंगाचाही विचार केला पाहिजे. पोथीत चुकलेल्या अक्षरांवर हरताळ लावीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तेथूनच भाषेत आला. हरताळाचा पिवळा थर म्हणजे लेखकाने रद्द केलेला पाठ. त्याखाली काय होते व वर काय लिहिले, या दोहोंना पाठचिकित्सेत मोल आहे. पांढरी वा करडी छाप पडली की रंगाचा गडदपणा उतरतो. जुन्या पिवळट कागदावर आधीच अस्पष्ट असलेला हरताळ मग कागदात मिसळून जातो. लेखकाने ज्यावर हरताळ फासला, त्या हरताळावरच आपण हरताळ फासला असे म्हणावे लागते.

४

एकेका प्रतिमेवर माणसाने विचारपूर्वक छाप घातली असती, तर यांतील बरेच दोष टळते. दोषाचे मूळ छापेत जितके आहे, तितकेच सरसकटपणात आहे. संग्रहातील प्रतिमा एका जातीच्या नसतात. पोथीचे पत्र आडवे व लांबट, बखरीचे उभे, नकाशाचे प्रचंड, नाण्याच्या छायाचित्राचे इवलेसे. छाप बाराशे बिंदू रुंदीची ठरविली, तर सहा हजार बिंदू रुंदीच्या प्रतिमेचा ती पाचवा भाग व्यापते, आणि पंधराशे बिंदूंच्या प्रतिमेचा चार पंचमांश. काही प्रतिमा कॅमेऱ्याने आडव्या नोंदवून 'उभी दाखवावी' अशी सूचना सोबत जोडलेली असते. ती सूचना न वाचणारी आज्ञावली छाप आडवीच घालते. या गोष्टी एका नमुन्यावर दिसत नाहीत. हजारांच्या ढिगात दिसतात, आणि ढीग कोणी तपासत नाही.

सर्वांत मोठा धोका मूळ प्रतिमेचाच. इमेजमॅजिक ही मुक्त प्रणाली अशा कामासाठी सर्वत्र वापरली जाते. तिच्यातील 'मॉग्रिफाय' ही आज्ञा, वेगळी जागा सांगितली नाही, तर नवी प्रत न करता मूळ फाइलीवरच बदल लिहिते. ज्या संस्थेने मूळ प्रतिमांची निराळी प्रत राखली नाही, तिच्याकडे एका सायंकाळी सगळा संग्रह छापांकित होऊन बसतो. मग पोथीकडे परत जावयाचे, तर प्रत्येक वेळी पोथी जागेवर असतेच असे नाही. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी ज्या पोथीवरून १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची आवृत्ती सिद्ध केली, ती पोथी आज तपासणीस उपलब्ध नाही. मुद्रित आवृत्ती हीच तिची साक्ष होऊन बसली आहे. प्रतिमेच्या नशिबीही उद्या हीच भूमिका येऊ शकते, हे विसरून चालणार नाही.

५

संस्थांची बाजू ऐकून घेणे न्यायाचे आहे. त्यांनी पिढ्यान्पिढ्या पोथ्या सांभाळल्या, तुटपुंज्या द्रव्यबळावर प्रतिमा करविल्या. आणि त्या प्रतिमा उचलून कोणी प्रकाशक ऋणनिर्देशावाचून पुस्तक काढतो, तेव्हा त्यांना संताप येणे स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच की, छाप घालून तो अन्याय टळतो काय?

२०१७ मध्ये ताली डेकेल व त्यांचे गूगलमधील सहकारी यांनी संगणकीय दृष्टीच्या परिषदेत एक निबंध सादर केला. एकच छाप अनेक प्रतिमांवर तशीच उमटवली असेल, तर त्या सर्व प्रतिमांची तुलना करून यंत्राला छापेचे स्वरूप व घनता अजमावता येते, आणि मग ती प्रत्येक प्रतिमेतून वजा करता येते, असे त्यांनी दाखविले. प्रतिमा जितक्या अधिक, तितका अंदाज पक्का. म्हणजे सरसकटपणा हीच या छापेची दुर्बलता होय. छापेचा आकार प्रत्येक प्रतिमेत किंचित वेडावाकडा केला तर काढणे कठीण जाते, असेही त्यांनी नमूद केले आहे. तथापि तो उपाय वाचकाचा त्रास कमी करीत नाही. निष्कर्ष असा की, चोरणाऱ्याला छाप अडवीत नाही; अडविते ती फक्त प्रामाणिक वाचकाला.

त्यानंतर परिस्थिती आणखी पालटली आहे. आता छाप वजा करण्याऐवजी तेथील जागा नव्याने 'भरून देणारी' कृत्रिम बुद्धीची साधने सहज उपलब्ध आहेत. ही साधने झाकलेले अक्षर शोधीत नाहीत. तेथे काय असणे संभवनीय आहे ते रचतात. दिसायला पत्र निर्मळ होते, परंतु त्यावरील काही अक्षरे कोणत्याही लेखकाने लिहिलेली नसतात. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललेल्या त्या कामात, संपादकांनी अनिश्चित पाठाखाली नागमोडी रेघ देण्याचा नेम पाळला. आपल्याला जे निश्चित ठाऊक नाही ते निश्चित म्हणून वाचकाच्या हाती द्यावयाचे नाही, हे त्या रेघेचे तत्त्व. यंत्राने भरलेल्या अक्षराखाली रेघ नसते. असा एक पाठ एखाद्या प्रबंधात शिरला, तेथून दुसऱ्या प्रबंधात उतरला, की त्याचा उगम शोधणे दुरापास्त होईल. छाप नसती, तर ती पुसण्याचे निमित्तही नसते.

कायद्याचा आधारही समजतात तितका भक्कम नाही. जुन्या ग्रंथांच्या संहितेवर आज कोणाचा कॉपीराइट नाही. प्रतिमेपुरता हक्क सांगावयाचा, तर तीत काही स्वतंत्र निर्मिती असावी लागते. केवळ श्रम व खर्च पुरेसा नाही, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात घालून दिला. तो खटला निवाड्यांच्या संपादित प्रतींविषयी होता. पण मौलिकतेची कसोटी त्यातून स्पष्ट झाली. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात हक्कमुक्त दृश्य कलाकृतींच्या यथामूल प्रतिकृतींवर नवा हक्क उत्पन्न होत नाही असे ठरविले. याउलट, आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने हक्कविषयक माहिती जाणूनबुजून व अनधिकाराने काढून टाकणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र अपराध ठरविला आहे. ज्या प्रतिमेवर खरोखर हक्क आहे, तिच्या बाबतीत ही माहिती प्रतिमेच्या डोळ्यांत भरणाऱ्या भागात असावी असे कायदा म्हणत नाही. ती फाइलीच्या अंतर्गत नोंदीतही असू शकते.

६

मग उपाय काय? तो नवा शोधावयाचा नाही. पुष्पिकेचा न्याय लावला म्हणजे पुरे. संस्थेचे नाव, पोथीचा क्रमांक, पत्रांक व प्रतिमेचा दिनांक ही माहिती प्रतिमेच्या खाली नव्याने जोडलेल्या पट्टीत द्यावी; आज्ञावलीला हे काम छाप घालण्याइतकेच सोपे आहे, आणि त्याने पत्रावरील एका बिंदूलाही धक्का लागत नाही. तीच माहिती फाइलीच्या अंतर्गत नोंदीतही भरावी. मूळ प्रतिमा वेगळ्या जागी अस्पर्श ठेवाव्यात व सर्व प्रक्रिया प्रतींवरच करावी. ग्रंथालयांनी २०११ पासून विकसित केलेल्या आय. आय. आय. एफ. या संकेतपद्धतीत तर ऋणनिर्देश प्रतिमेसोबत दाखविण्याची स्वतंत्र तरतूदच आहे. गूगलने ग्रंथांच्या प्रतिमांवर नाव घातले, तेही पानाच्या तळाशी, समासात. ॲम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयाने २०१२ मध्ये सव्वा लाख प्रतिमा, आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये पावणेचार लाख प्रतिमा कसलीही छाप न घालता मुक्त केल्या. त्यामुळे त्या संस्थांचे नाव पुसले गेले नाही. ते अधिक पसरले.

हे बदल संस्थांच्या हाती आहेत. आपल्या हाती आहे ते आपण आधी करावे. जलचिन्हित प्रतिमेवरून पाठ घेतला असेल, तर प्रबंधाच्या प्रास्ताविकात तसे स्पष्ट लिहावे. छापेखालील अक्षरे संशयित म्हणून चिन्हांकित करावीत. अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ वा विरामदंड यांची मोजणी असेल, तर छापेची पट्टी त्या मोजणीतून वगळावी, आणि वगळली असे सांगावे. छाप यंत्राने काढलेली प्रतिमा पुरावा म्हणून कदापि वापरू नये. मार्गदर्शकांनी व परीक्षकांनी हे प्रश्न विचारण्यास आरंभ केला, म्हणजे संस्थांनाही आपल्या छापेची किंमत कोण मोजीत आहे ते कळून येईल. पोथी सांभाळणाऱ्याचे ऋण मोठेच आहे. ते फेडावयाचे, तर त्याचे नाव प्रत्येक अभ्यासकाने आपल्या लेखणीने लिहिले पाहिजे. लेखकाच्या अक्षरांवर ते आधीच उमटवून ठेवल्याने ते फिटत नाही.